कुंडींतील वसंत

वसंतऋतूचें वर्णन आपण पाठ्यपुस्तकांत दरवर्षीं वाचतों. आंब्याला मोहोर येतो, पळस व पांगारा फुलतात, कोकिळेचा शब्द ऐकूं येतो, असें तेथें लिहिलेलें असतें. परंतु आपल्यापैकीं पुष्कळांच्या घराला आज अंगण नाहीं. इमारतीच्या तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या मुलाला वसंत केव्हां आला व केव्हां गेला, हें कळतहि नाहीं. अशा घरांतहि वसंताला बोलावून आणण्याचा एक सोपा व अल्प खर्चाचा मार्ग आहे. एक कुंडी, थोडी माती, कांहीं कंद आणि सकाळचें ऊन येणारी एक खिडकी, एवढें साहित्य त्यास पुरतें.

ह्यापैकीं एकहि वस्तु दुर्मिळ नाहीं. तरी कित्येक घरांत हौसेनें कंद विकत आणले जातात, एकदां फुलतात, आणि पुढें कुजून जातात किंवा ‘मेले’ असें समजून फेंकून दिले जातात. ह्याचें कारण बहुधा एकच असतें. कंदाला पाणी द्यावें हें सर्वांस ठाऊक असतें. तें केव्हां देऊं नये, हें मात्र कोणी सांगितलेलें नसतें. प्रस्तुत लेखांत मुख्यतः तेंच सांगावयाचें आहे.

१. कंद म्हणजे काय ?

पहिला धडा स्वयंपाकघरांतच घेतां येतो. आईच्या परवानगीनें एक कांदा घ्यावा व शेंड्यापासून बुडापर्यंत उभा चिरावा. तळाशीं एक लहानशी कठीण चकती दिसेल. हीच त्या झाडाचें खोड होय. चकतीच्या खालीं वाळलेल्या मुळांचे धागे लोंबत असतात. वरच्या अंगास एकावर एक बसलेले जाड व रसाळ पापुद्रे दिसतात. ते पानांचे तळ आहेत. अगदीं मध्यभागीं, सर्व पापुद्र्यांच्या मिठींत, एक पिवळसर हिरवा कोंब असतो. तोच पुढील हंगामांतील झाड.

म्हणजे कांदा हें झाडानें स्वतःकरितां बांधलेलें कोठार आहे. हिरव्या पानांनीं उन्हांत जें अन्न तयार केलें, तें जमिनीखालीं ह्या कोठारांत सांठविलेलें असतें. हायसिंथ नांवाच्या फुलाचा कंद लागवडीच्या वेळीं असाच उभा चिरला, तर त्याच्या पोटांत पुढील वसंतांत उमलणाऱ्या फुलांचा इवलासा तुरा आधींच तयार झालेला दिसतो. माळ्याच्या हातीं जो कंद येतो, त्यांत फूल असतेंच. तें सुखरूप बाहेर यावें एवढीच व्यवस्था त्यानें करावयाची असते.

बाजारांत ‘कंद’ ह्या एकाच नांवाखालीं निरनिराळ्या वस्तु मिळतात, हें येथें सांगितलें पाहिजे. कांदा, ट्यूलिप, लिली ह्यांत पापुद्रे असतात. ग्लॅडिओलस व केशर ह्यांचा कंद चिरला तर आंत पापुद्रे नसून सर्व भाग बटाट्यासारखा भरीव लागतो. डेलियाचीं मुळेंच फुगलेलीं असतात. हळद, आलें व कर्दळ ह्यांचें खोड जमिनीखालीं आडवें वाढतें. रूपें भिन्न असलीं तरी ह्या सर्वांचा हेतु एकच आहे : चांगल्या दिवसांत सांठवावें आणि वाईट दिवसांत त्यावर जगावें.

२. कंद कां झोंपतो ?

हे वाईट दिवस कोणते, हें कंदाच्या मूळ गांवावर अवलंबून असतें. ट्यूलिपच्या रानटी जाति मध्य आशियांतील तिएनशान व पामीर ह्या पर्वतांच्या प्रदेशांत विपुल आहेत. तेथें हिवाळ्यांत बर्फ पडतें आणि उन्हाळ्यांत पाण्याचा थेंब नसतो. ह्या दोहोंच्या मध्यें वसंताचे थोडे आठवडे काय ते अनुकूल. तेवढ्यांत पानें काढावयाचीं, फुलावयाचें, बीं धरावयाचें व पुढील वर्षाचें अन्न सांठवावयाचें, असें त्या झाडाचें घाईचें आयुष्य आहे. उरलेले महिने तें जमिनीखालीं काढतें.

आपल्या सह्याद्रींतहि असाच एक चतुर कंद आहे. त्यास रानकांदा किंवा कोळकांदा म्हणतात. भर उन्हाळ्यांत, माळ करपून गेला असतां, त्याचा एकच उंच दांडा जमिनींतून वर येतो व त्यावर बारीक फुलें लागतात. त्या वेळीं झाडाला एकहि पान नसतें. पानें पावसाबरोबर येतात आणि पाऊस सरल्यावर कांहीं काळानें वाळून जातात. ट्यूलिपला झोंपविणारी मुख्य गोष्ट उन्हाळ्यांतील कोरडेपणा व त्यामागून येणारी हिवाळ्यांतील थंडी. रानकांद्याला झोंपविणारी गोष्ट आपल्याकडील पाण्याचा तुटवडा. कंदाची ही झोंप आळसाची नसून जिवंत राहण्याची रीति आहे. ती मोडली तर कंदच नाहींसा होतो.

ही गोष्ट मी पुस्तकांत वाचून शिकलों नाहीं. एक कंद गमावून शिकलों. शिक्षकाच्या नोकरीला लागलों त्या वर्षीं शेजारच्या आजींनीं मला तांबड्या लिलीचा एक मोठा कंद दिला. तो मीं कुंडींत लावला. चैत्रांत त्यास चार फुलें आलीं आणि माझ्या आनंदास सीमा राहिली नाहीं. पावसाळाभर पानें तजेलदार होतीं. पुढें कार्तिकांत पानें पिवळीं पडूं लागलीं, तेव्हां मी घाबरलों. पाणी कमी पडतें असें समजून सकाळ-संध्याकाळ पाणी घालूं लागलों. मार्गशीर्षांत सर्व पानें गेलीं. मीं पाणी दुप्पट केलें. फाल्गुनांत कुंडी उकरून पाहिली, तों कंदाच्या जागीं घाण वास येणारा चिखल होता.

आजींच्या घरीं जाऊन पाहतों, तों त्यांची कुंडी जिन्याखालीं आडवी पडलेली ! वरचें पाणी आंत जाऊं नये म्हणून त्यांनीं ती मुद्दाम कलती करून ठेवली होती. माती कोरडी ठणठणीत होती, आणि तिच्यांतून बोटभर हिरवा कोंब डोकें वर काढीत होता. मीं माझी हकीकत सांगितली, तेव्हां त्या हंसल्या व म्हणाल्या, “मास्तर, झोंपलेल्याच्या तोंडांत कुणी घांस भरतं का ?”

त्यांच्या ह्या एका वाक्यांत कंदपुष्पांचें निम्में शास्त्र आहे.

३. थंड देशांतील कुंडी

कंदांची कुंडी सजविण्याची कला थंड देशांत फार वाढली आहे. ती पाहिली म्हणजे आपल्या कामाला उपयोगी पडणारे दोन नियम हातीं येतात.

ट्यूलिप हें हॉलंडचें फूल असें आपण समजतों. परंतु तें तेथें आशियांतून, तुर्कस्तानच्या मार्गानें गेलें. कॅरोलस क्लुसिअस हा वनस्पतिशास्त्रज्ञ सन १५९३ मध्यें लायडन येथील विद्यापीठाच्या बागेची व्यवस्था पाहण्यास आला व त्यानें तेथें ट्यूलिपचे कंद लावले. पुढें त्या देशांत ह्या फुलाचें वेड इतकें वाढलें कीं, एकेका कंदाला घराच्या किंमती येऊं लागल्या. फेब्रुवारी १६३७ मध्यें हा बाजार एकाएकीं कोसळला. त्या काळीं सर्वांत महाग कंद होते ते पाकळ्यांवर ज्वाळेसारखे पट्टे असणाऱ्या फुलांचे. सुमारें तीनशें वर्षांनीं, सन १९२८ मध्यें, डोरोथी केयली ह्या ब्रिटिश संशोधिकेनें दाखविलें कीं, ते पट्टे म्हणजे एका रोगाचें लक्षण होतें व तो रोग एका कंदापासून दुसऱ्यास लागत असे. हा रोग विषाणूंचा असून तो मावा नांवाच्या किडीमुळें पसरतो. लोकांनीं सर्वस्व देऊन विकत घेतलें तें आजारी कंदाचें सौंदर्य ! म्हणून कंद घेतांना वेष्टणावरील चित्राकडे पाहूं नये. कंद हातांत घ्यावा. तो वजनदार व घट्ट असावा, बुडाची चकती दाबली असतां मऊ लागूं नये, आणि त्यावर बुरशी नसावी.

आतां त्या देशांतील कुंडीची मांडणी पाहूं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्यें एक खोल कुंडी घेतात. सर्वांत खालीं, सुमारें सात-आठ इंच खोलीवर, ट्यूलिपचे कंद ठेवतात. त्यांवर माती घालून सुमारें पांच-सहा इंच खोलीवर डॅफोडिल अथवा हायसिंथ ठेवतात. पुन्हां माती घालून तीन इंचांवर क्रोकसचे बारीक कंद पसरतात व वर मातीचा शेवटचा थर देतात. कुंडी सबंध हिवाळा बाहेर थंडींत राहते. वसंताच्या आरंभीं प्रथम क्रोकस उमलतो; तो संपतां संपतां डॅफोडिल व हायसिंथ; आणि शेवटीं ट्यूलिप. एकाच कुंडींत दोन-अडीच महिने फुलांची रांग चालू राहते. खालच्या कंदाचा कोंब वर येतांना वरच्या कंदाला अडला, तर तो बाजूनें वाट काढतो. त्याची काळजी करावी लागत नाहीं.

ह्यांतील पहिला नियम खोलीचा. कंदाची जेवढी उंची, तिच्या दुप्पट-तिप्पट खोलीवर तो साधारणतः लावावा. म्हणून मोठा कंद खालीं व लहान वर. दुसरा नियम अधिक महत्त्वाचा आहे. हे सर्व कंद उन्हाळ्यांत कोरडे राहून झोंपतात व हिवाळ्यांत थंडी मागतात. त्यांची झोंप एका वेळेची आहे, म्हणूनच ते एका कुंडींत सुखानें नांदतात. कुंडी सजवितांना रंग कोणता कोणाशेजारीं शोभेल ह्याचा विचार आपण प्रथम करतों. तो विचार करावा, परंतु मागून करावा. ज्यांची विश्रांति एक, त्यांचेंच घर एक असावें, हा आधीचा नियम होय.

४. हे कंद आपल्या घरीं कां टिकत नाहींत ?

हल्लीं हिवाळ्यांत आपल्याकडील मोठ्या शहरांतहि ट्यूलिप व हायसिंथचे कंद विकावयास येतात. मुलें ते हौसेनें मागतात; म्हणून पालकांस ह्यांविषयीं स्पष्ट कल्पना असलेली बरी.

ट्यूलिपच्या कंदाला लागवडीपूर्वीं किंवा लागवडीनंतर सुमारें बारा ते सोळा आठवडे, नऊ अंश सेल्सिअसच्या खालची थंडी मिळावी लागते. ती न मिळाल्यास आंतील फूल तयार असूनहि दांडा लांबत नाहीं आणि कळी पानांतच गुदमरते. काश्मिरांत ही थंडी निसर्ग देतो. श्रीनगरास दल सरोवराजवळील ट्यूलिपची विस्तीर्ण बाग त्यामुळेंच शक्य झाली. पुणें, नागपूर किंवा मुंबई येथील हिवाळा एवढा थंड व एवढा लांब नसतो. म्हणून आपल्याकडे कंद शीतकपाटांत ठेवून ही उणीव भरून काढतात. कंद कागदी पिशवींत घालावे, तिला बारीक भोकें पाडावीं, आणि त्यांच्याजवळ सफरचंद, केळीं इत्यादि पिकलीं फळें ठेवूं नयेत. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नांवाचा वायु निघतो. तो कंदाच्या पोटांतील कोंवळें फूल मारून टाकतो. दुकानदारानें कंद आधींच थंडींत ठेवलेले आहेत किंवा कसें, हें विचारूनच घ्यावें.

एवढें करून फूल आलें, तरी तें बहुधा एकदांच. ट्यूलिपचा कंद फुलल्यावर संपून जातो आणि त्याच्या जागीं नवे कंद धरतात. ते पोसण्यास थंड हवेंत पानें कांहीं आठवडे हिरवीं राहावीं लागतात. आपल्याकडे फाल्गुनाचें ऊन तापलें कीं पानें करपतात व नवे कंद शेंगदाण्याएवढेच राहतात. ह्यांत कोणाचा अपराध नाहीं. पाहुणा आला, चार दिवस राहिला व गेला, असें समजावें.

ज्यांस हिवाळ्यांत घरांत असा पाहुणा हवाच असेल, त्यांनीं पेपरव्हाइट जातीचा नर्गिस आणावा. हा भूमध्यसमुद्राच्या कांठचा असल्यामुळें त्यास थंडींत ठेवण्याची गरज नसते. एका उथळ वाडग्यांत स्वच्छ खडे भरावे, त्यांवर कंद एकमेकांजवळ उभे बसवावे, आणि कंदाच्या बुडाला जेमतेम टेंकेल इतकेंच पाणी ठेवावें. कंद पाण्यांत बुडाला तर कुजतो. मार्गशीर्षांत असा वाडगा मांडला, तर साधारण चार ते सहा आठवड्यांत पांढरीं सुवासिक फुलें येतात. खड्यांमधून मुळें कशीं धांवतात हें रोज डोळ्यांनीं दिसतें, हा मुलांस मोठाच लाभ.

५. आपली कुंडी

आतां आपल्या हवेंत वर्षानुवर्षें राहणाऱ्या कंदांची कुंडी मांडूं. तिच्याकरितां तीन जाति निवडल्या आहेत. तिघींचें मूळ अमेरिका खंडांत आहे, परंतु आपल्याकडे त्या इतक्या रुळल्या आहेत कीं त्यांस परक्या म्हणवत नाहीं.

पहिली मोठी लिली. हिची फुलें कर्ण्याच्या आकाराचीं, तांबडीं, केशरी किंवा पांढऱ्या पट्ट्यांचीं असतात. दुकानदार हिला अ‍ॅमरिलिस म्हणतात. शास्त्रीय नांव हिप्पिअ‍ॅस्ट्रम. दुसरा निशिगंध. हा मूळचा मेक्सिकोंतील. आज आपल्या पूजेंत, वेणींत व लग्नमंडपांत सर्वत्र आहे. तिसरी पावसाळी लिली. हिचीं पानें गवतासारखीं बारीक असून पहिल्या पावसानंतर थोड्याच दिवसांत गुलाबी अथवा पांढरीं फुलें एकदम वर येतात.

ह्या तिघींस एकत्र आणण्याचें कारण वर सांगितलेल्या नियमांतच आहे. तिघीहि उन्हाळ्याच्या आरंभापासून पाऊस संपेपर्यंत वाढतात आणि हिवाळ्यांत त्यांना पाणी नको असतें.

कुंडी मातीची, तोंडाशीं चौदा इंच रुंद व निदान बारा इंच खोल असावी. जुनी बालदी किंवा डबा घेतल्यास हरकत नाहीं. मात्र त्याच्या बुडाला चार-पांच भोकें पाडलींच पाहिजेत. भोकांवर खापऱ्या पालथ्या ठेवाव्या व त्यांवर दोन बोटें जाड वाळू पसरावी. माती अशी करावी : दोन पाट्या पोयटा, एक पाटी चांगलें कुजलेलें शेणखत, एक पाटी जाड वाळू. ओलसर माती मुठींत दाबून सोडली असतां ढेंकूळ सहज फुटावें. फुटलें नाहीं तर आणखी वाळू घालावी. ताजें शेण कधींहि घालूं नये. त्याच्या उष्णतेनें कंद नासतो.

लागवड माघ महिन्यांत, म्हणजे जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत करावी. कुंडी मातीनें तीन-चतुर्थांश भरावी. मध्यभागीं मोठ्या लिलीचा एक कंद बसवावा. तो सबंध पुरावयाचा नसतो. त्याची मान व वरचा तिसरा हिस्सा मातीच्या बाहेर राहिला पाहिजे. खोलीच्या नियमाला हा अपवाद आहे व तो विसरल्यामुळें पुष्कळ कंद कुजतात. त्याच्या भोंवतीं चार इंचांवर गोल आंखून निशिगंधाचे सहा कंद दोन इंच खोल लावावे. हे निवडतांना सुमारें एक इंच व्यासाचे टपोरे कंद घ्यावे. कुंडीच्या अगदीं कांठाशीं, दीड इंच खोल, पावसाळी लिलीचे दहा-बारा बारीक कंद ओळीनें लावावे. सर्वांचा शेंडा वर व मुळांची बाजू खालीं असावी. वरून माती सारखी करतांना कुंडीचा कांठ एक इंच मोकळा सोडावा, म्हणजे पाणी घालतांना माती वाहून जात नाहीं.

लागवडीनंतर एकदांच भरपूर पाणी द्यावें. कोंब दिसेपर्यंत माती नुसती ओलसर राहील एवढेंच पाणी पुरे. कोंब वर आल्यावर पाणी नियमित करावें व कुंडीला रोज चार-पांच तास ऊन मिळेल अशी जागा द्यावी. उजेड एकाच बाजूनें येत असेल, तर कुंडी दर दोन दिवसांनीं थोडी फिरवावी. नाहींतर दांडा खिडकीकडे वांकतो.

ह्या मांडणीचा परिणाम पाहा. लागवडीपासून सुमारें दोन महिन्यांत, म्हणजे चैत्राच्या आसपास, मधली लिली फुलते; पोकळ हिरव्या दांड्यावर दोन ते चार मोठीं फुलें. कित्येकदां दांडा पानांच्या आधीं येतो, तेव्हां पानें नाहींत म्हणून घाबरूं नये. तीं फुलें गेल्यावर कुंडी हिरवी राहते. मृगाचा पाऊस पडला कीं कांठाची पावसाळी लिली उमलते. पुढें निशिगंधाच्या छड्या येऊं लागतात व आश्विनापर्यंत अधूनमधून येत राहतात. खालची फुलें आधीं व वरचीं मागून उमलत जात असल्यामुळें एक छडी कित्येक दिवस घर सुवासिक ठेवते. एका कुंडींत चैत्रापासून आश्विनापर्यंतचा क्रम असा बसविलेला असतो.

६. फुलें गेल्यावर

फूल सुकलें म्हणजे काम संपलें, असें आपणांस वाटतें. वस्तुतः खरें काम तेव्हांच सुरू होतें. सुकलेला फुलांचा दांडा बुडाजवळ कापावा. पानें मात्र मुळींच कापूं नयेत. तीं अस्ताव्यस्त दिसतात म्हणून कित्येक लोक त्यांची गांठ मारतात किंवा वेणी घालतात. हेंहि करूं नये. पुढील वर्षाचें फूल हीं पानेंच कोठारांत भरीत असतात. ह्या काळांत दर महिन्यास मूठभर जुनें शेणखत मातींत मिसळावें.

आश्विनानंतर पाणी हळूंहळू कमी करावें. पानें पिवळीं पडूं लागतील. तीं पूर्ण वाळल्यावर हातानें अलगद काढावीं. मार्गशीर्ष व पौष हे दोन महिने पाणी बंद. कुंडी सावलींत, कोरड्या जागीं, वाटल्यास आजींच्या रीतीप्रमाणें आडवी करून ठेवावी. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं माघांत सर्व कंद काढून त्यांची वांटणी करावी. निशिगंधाचा जो कंद एकदां फुलला तो पुन्हां फुलत नाहीं. त्याच्या भोंवतींचीं पिल्लें पुढें फुलतात. ह्या पिल्लांतील टपोरीं निवडून लावावींत व उरलेलीं मित्रांस द्यावींत.

७. दोन सूचना

पहिली सूचना सुरक्षिततेची आहे व तिजकडे पालकांनीं विशेष लक्ष द्यावें. लिली, नर्गिस, हायसिंथ व रानकांदा ह्यांचे कंद विषारी आहेत. दिसण्यांत ते स्वयंपाकाच्या कांद्यासारखेच असतात. म्हणून ते कांदा-लसणाच्या टोपलींत किंवा फडताळांत कधींहि ठेवूं नयेत. पिशवीवर नांव लिहून, लहान मुलांच्या व जनावरांच्या हातीं-तोंडीं लागणार नाहींत अशा ठिकाणीं ठेवावे व हाताळल्यावर हात धुवावे. सन १९४४-४५ च्या हिवाळ्यांत नेदरलँड्समध्यें अन्नाचा भयंकर दुष्काळ पडला, तेव्हां लोकांनीं ट्यूलिपचे कंद शिजवून दिवस काढले, हें खरें. परंतु तो उपासमारीचा नाइलाज होता, अनुकरणाचा विषय नव्हे.

दुसरी सूचना डोंगरावर जाणाऱ्या मुलांस. सहलींत रानकांदा किंवा दुसरें एखादें कंदपुष्प दिसलें, तर तें पाहावें, त्याचें चित्र काढावें. परंतु उपटून आणूं नये. त्याची माती, त्याचा पाऊस व त्याचा कोरडा काळ आपल्या खिडकींत त्यास मिळणार नाहीं. कुंडीकरितां लागणारे कंद रोपवाटिकेंतून अथवा शेजाऱ्यांकडून घ्यावे.

विद्यार्थिमित्रहो, ह्या वर्षीं एक कुंडी अवश्य करून पाहा. तिच्याजवळ एक लहान वही ठेवा. लागवडीची तारीख, पहिला कोंब दिसल्याची तारीख, दांड्याची रोजची उंची व फूल उमलल्याची तारीख तींत लिहा. दुसऱ्या वर्षीं ह्याच तारखा पुन्हां लिहून ताडून पाहा; तुमचें स्वतःचें एक लहानसें शास्त्रीय निरीक्षण तयार होईल.

आणि पालकांस एक विनंति आहे. पौषांत घराची झाडलोट करतांना कोपऱ्यांत एक कुंडी दिसेल. तींत पान नाहीं, फूल नाहीं, नुसती सुकी माती आहे, असें वाटेल. ती रिकामी करण्यापूर्वीं घरांतील मुलाला एकदां विचारावें. त्या मातीखालीं त्याचा पुढला चैत्र झोंपलेला असण्याचा संभव आहे.